बिननेटची पुस्तिका

९ जानेवारी

आज वैजनाथभाऊंशी पुन्हा वाजलं. हळद शिजवायच्या कुकरचा कारखाना त्यांचा, पगार त्यांचा, तरी पुस्तिकेच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकणार नाही. त्यांना झकपक वेबसाइट पाहिजे. सरकत जाणारे फोटो पाहिजेत. कोपऱ्यात "आपली काय सेवा करू?" असं विचारणारी बाहुली पाहिजे. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा कुकर ट्रॅक्टरमागं लागून शेताशेतात फिरतो. सिद्धेश्वरच्या कालव्याकडं फोनला एक दांडी आली तरी लोक पेढे वाटतील. तिथं तुमची बाहुली कुणाची सेवा करणार?"

"मंग तुमीच ठरवा," म्हणाले. "तुमी पुन्याहून शिकून आलात."

टोमणा होता. असू दे, काम माझ्याकडं आलं ना! पुण्याच्या कंपनीत पाच वर्षं पंपांच्या माहितीपुस्तिका लिहिल्या, त्या कुणी वाचल्या देव जाणे. ही मात्र वाचली जाणार. कुकर यंदा नवा आहे. टाक्या मोठ्या, वाफेचा दाब जास्त, शिट्टी वेगळी. जुनं छापील पत्रक त्याला लागूच होत नाही. आणि यातला एक कुकर माझ्या शब्दावर आमच्या तांड्यावरच्या, हळद शिजवत फिरणाऱ्या टोळीनं आधीच नोंदवलाय. टोळी संतोषची, माझ्या धाकट्या भावाची. बॉयलरखाली जाळ घालायला याडी बसते.

"याडी कोण?" वैजनाथभाऊंनी विचारलं.

"आई. तांड्यावर आईला याडी म्हणतात."

म्हणजे ही पुस्तिका मी माझ्याच घरासाठी लिहून राहिले. हिच्यात एक ओळ चुकली तर भाजणार ते माझंच माणूस. हे भाऊंना सांगितलं नाही. त्यांना वाटलं असतं, पोरगी घाबरली.

१२ जानेवारी

दिवसभर स्टॅटिक साइट जनरेटर चाळले. साध्या मजकुराच्या फाइली द्यायच्या आणि त्यानं आयती पानं तयार करून द्यायची, एवढंच त्याचं काम. मागं सर्व्हर नको, डेटाबेस नको. तयार पानं कुठंही ठेवा. मला नेमकं तेच पाहिजे. पण बाजारात डझनभर आहेत आणि प्रत्येकाचे भक्त दुसऱ्याच्या उरावर बसलेले.

कुलदीपला फोन केला. माझा मावसभाऊ, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचं एकच पालुपद, डॉक्युसॉरस घे. "पुस्तिकेच्या आवृत्त्या नीट सांभाळतो तो. जुनं पान कोणतं, नवं कोणतं, वाचणाऱ्याला वरच दिसतं."

"अरे, एका कुकरची एक पुस्तिका. तिला आवृत्त्या कशाला? पंचवार्षिक योजना आहे का?"

शिवाय त्याच्यासाठी आधी ढीगभर सामान उतरवून घ्यावं लागतं. कारखान्यातलं नेट तर पाहुण्यासारखं, आलं तर आलं. एमकेडॉक्स आवडलं होतं, पण त्यालाही आधी पायथनची मांडामांड. स्फिंक्स मोठ्या ग्रंथांचं काम, आपल्या पुस्तिकेला जड. शेवटी ह्यूगो. एकच प्रोग्राम, पेनड्राइव्हवरून टाकला आणि चालला. पापणी लवायच्या आत पानं तयार! एकटीच बसून टाळ्या वाजवल्या.

कुलदीप फोन ठेवताना म्हणाला, "बरं बाई, निदान पानावर तारीख तरी टाक."

"पेपर आहे का तो? तारीख टाकली की दुसऱ्या दिवशी शिळा वाटतो."

हसला. मीही हसले.

१६ जानेवारी

मोठा अडथळा पार केला. नुसती पानं बनवून भागत नाही, फोनमध्ये एका पानावरून दुसऱ्यावर जायला नेट मागतात. मग ह्यूगोचा साचा असा बसवला की अख्खी पुस्तिका एकाच फाइलीत येते, फोटोसुद्धा तिच्या पोटात. एकदा फोनमध्ये आली की नेट गेलं खड्ड्यात! एकाच्या फोनवरून दुसऱ्याच्या, दुसऱ्याच्या तिसऱ्याच्या. जशी तांड्यावर लग्नाची बातमी पसरते तशी पसरेल.

वैजनाथभाऊंना दाखवली. नाक मुरडलं. "किती जनांनी बघितली ते आपल्याला कसं कळनार?"

"नाही कळणार. कळायची गरज काय?"

त्यांनी विषय बदलून चहा मागवला. जिंकले मी.

२० जानेवारी

पहिला कुकर रंगून बाहेर पडला. भाऊंच्या आई, द्वारकाबाई, पूजेला आल्या होत्या. हळदकुंकू, नारळ, झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण. मला पुस्तिकेच्या पहिल्या पानासाठी फोटो हवाच होता. पण तोरण रिवाजाप्रमाणे खाली, ट्रॅक्टरला जोडायच्या दांडीला बांधलेलं. चाकाच्या सावलीत, फोटोत येईना. मीच म्हटलं, वर बांधा, त्या कडीला. एक गडी चढला, तारेनं चांगलं आवळून खालच्या पाइपाला ताणून बांधलं. वारा सुटला तरी हललं नाही. मग काय फोटो आला! पिवळा कुकर, वर झेंडू, मागं निळं आभाळ. द्वारकाबाई म्हणाल्या, "नवरीवाणी दिसायलाय गं."

पहिल्या पानावर मोठा लावला. मजकूर वाचायचा कंटाळा असतो लोकांना, फोटोनं तरी आत येतील.

२ फेब्रुवारी

तिसरा भाग लिहून संपला, शिट्टीचा. हाच खरा जीव. तीनदा लिहिला, तीनदा फाडला. वाफ जादा झाली की शिट्टीवरची कडी आपोआप उचलली जाते, जादा वाफ किंचाळत निघून जाते, बॉयलर वाचतो. म्हणून कडी कायम मोकळी पाहिजे. तिला काही अडकवू नये, तिच्यावर काही ठेवू नये. ठळक अक्षरात, लाल चौकटीत. पुण्यातल्या माझ्या साहेबांनीही यात चूक काढली नसती.

फाइल सगळ्या टोळ्यांच्या ग्रुपवर टाकली. संतोष आजच हिंगोलीला डिझेलला आला होता, त्याच्या फोनमध्ये माझ्या हातानं घातली. त्यानं सर्रकन वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"वाचलं का काही?"

"फोटू लई भारी हाय, बाई. याडीला दाखवतो."

गाढव! पण याडीचं नाव ऐकून बरं वाटलं.

१० फेब्रुवारी

हळदीचा हंगाम सुरू. पहिल्या आधणाचे फोटो लोकांनी स्टेटसला टाकलेत आणि मी आज हवेत आहे. जिथं बघावं तिथं तोरण वरच्या कडीला, अगदी माझ्या फोटोसारखं! सेनगावकडची टोळी, कळमनुरीकडची, शिरड शहापूरची. वैजनाथभाऊंना फोन नाकासमोर धरून दाखवला. "बघा, किती जणांनी बघितली म्हणत होतात ना? बघतात आणि बराबर तसंच करतात."

भाऊ म्हणाले, "मानलं मॅडम." पहिल्यांदा मॅडम म्हणाले.

संतोषचा काही फोटो नाही. ते सिद्धेश्वरच्या पलीकडं व्यंकटरावांच्या शेतात आहेत, तिथं रेंज नाही.

१९ फेब्रुवारी

सकाळी शिरड शहापूरहून दगडोबांचा फोन. त्यांची टोळी म्हणजे सगळी पिकलेली माणसं, उगाच फोन करणारी नव्हेत.

"ताई, शिट्टी मुकी हाय. आज पयल्यांदाच टाक्या गच्च भरल्या. कवाचा जाळ चालू हाय, वाजंना."

"दाबाचा काटा कुठं आहे?"

"लालात गेलाय."

मी संगणकावर पुस्तिका उघडली. "दगडोबा, कडी बघा. काही अडकलंय का?"

"अडकंल कशाला? बांधलीय की."

"कुणी बांधली?"

"आता कुणी म्हंजी? तुमच्याच पुस्तकात पयल्या पानावर बांधलीय. आमी दरसाल दांडीला बांधत होतो. यंदा कंपनीचंच असं हाय म्हणून वर बांधलं."

फोटो समोरच उघडा होता. झेंडू, तार, ताणून बांधलेली कडी. मी स्वतः बांधायला लावलेली. आणि खाली तिसऱ्या भागात माझीच लाल चौकट. 

"लाकडं ओढून काढा. कडीला हात लावू नका. सगळे लांब व्हा, बायांना आधी लांब करा."

काटा खाली येईपर्यंत फोन कानाला धरून बसले. दगडोबा मधून मधून "उतरून राहिला, ताई" म्हणत होते. वाचले.

पुस्तिकेतून फोटो काढून टाकला. ह्यूगोनं पापणी लवायच्या आत नवी पुस्तिका बनवून दिली. पण हिचा उपयोग काय? वरातीमागून घोडं. जुनी फाइल लोकांच्या फोनमध्ये जाऊन बसलीय, एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. ती तिथून काढायला माझा हात पोचत नाही. मीच तशी बनवली आणि त्याचाच तोरा मिरवला. नवी ग्रुपवर टाकली तर लोकांची उत्तरं येऊ लागली, "आहे आमच्याकडं ही." नाव तेच, रंग तोच, तारीख नाही. जुनी कोणती, नवी कोणती, कुणाला कळणार? कुलदीपनं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

वैजनाथभाऊंना सांगितलं. खुर्चीत बसले, उठले, पुन्हा बसले. मग म्हणाले, "बोंब मारू नका. हंगाम ऐन भरात हाय. गुपचूप नवी धाडा."

"गुपचूप धाडलेलं कोण उघडतं, भाऊ?"

"मॅडम, कारखाना बंद पडंल."

"माणूस मेलं तर चालू राहील का?"

एकेका टोळीला फोन लावत सुटले. लागले ते ऐकत होते. काही हसले, तोरणानं काय होतंय ताई म्हणाले. संतोषचा फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, बाहेर. व्यंकटरावांचा नंबर नाही. जीव टांगणीला लागलाय. हे अर्धवट ठेवून निघते.

२० फेब्रुवारी

कालचं आज लिहिते. तळहाताला फोड आलेत, पेन नीट धरवत नाही.

स्कूटीवर गेले. रस्ता कसा कापला आठवत नाही. औंढ्याच्या पुढं एका म्हशीला वाचवताना पडता पडता राहिले. कालव्याच्या कडेनं गेल्यावर हळदीचा वास आला, मग धूर, मग कुकर. लांबूनच वरचा झेंडू दिसला. आणि खाली जाळासमोर पदर खोचून बसलेली याडी.

मी ओरडत पळाले. "याडी, उठ! लांब हो!"

तिनं हसून हात केला. तिला वाटलं मी भेटायला आले. पायाशी लाकडांचा ढीग, एक हातात. काटा बघितला. लालाच्या पुढं. शिट्टी गप.

"संतोष, जाळ काढ! कडी बांधलीय, वाफ कोंडलीय!"

व्यंकटराव बाजेवर बसले होते, ते उठले. "ए पोरी, कोन तू? टाकी भरलेली हाय. अर्धी कच्ची राहिली तर हळद रंग धरायची न्हाई. एकानंबी जाळाला हात लावू नका."

टोळी जागच्या जागी उभी. संतोष माझ्याकडं बघतोय, मालकाकडं बघतोय. मी खाली वाकले आणि लाकूड ओढलं. पेटतं टोक कुठलं ते बघायला वेळ नव्हता. याडी किंचाळली. मग संतोषनं माझा दंड धरला, असा धरला की आजही निळा आहे.

"सगळ्यायसमोर काहून इज्जत घालवून राहिली?"

"तू आधी मला सोड. मग याडीला घेऊन लांब जा. मग मला काय मारायचं ते मार."

त्यानं सोडलं. दोघांनी मिळून लाकडं ओढली. सगळ्यांना बांधाच्या पलीकडं बसवलं. व्यंकटराव शिव्या देत होते, पण तेही बांधाच्या पलीकडंच बसून देत होते.

बसून राहिलो.  काटा खाली यायला लागला. याडी माझ्या हाताला चिखल लावत होती. हळूच म्हणाली, "तोरण मीच बांधलं. तुझ्या फोटूत होतं तसंच. तार सैल वाटली म्हणून अजून दोन वेढे मारले."

मी दुसऱ्या हातानं तिचा चिखलाचा हात धरला.

काटा तळाला आला. काहीच झालं नाही. भडका नाही, आवाज नाही, दुपारचं ऊन आणि चिमण्या. व्यंकटराव उठले, धोतर झटकलं. "काय झालं? काय बी झालं न्हाई! एवढा तमाशा करून माझ्या हळदीची माती केली." टोळीला तिथल्या तिथं शेताबाहेर काढलं. संतोष ट्रॅक्टर जोडताना माझ्याकडं बघतही नव्हता. शेवटी एवढंच म्हणाला, "या गावात आता आमाला कोनी बलावनार न्हाई."

२३ फेब्रुवारी

संतोष फोन उचलत नाही. तांड्यावर म्हणे बोलणं चाललंय, लखमाच्या पोरीला पुण्यात जाऊन वेड लागलं. लखमा म्हणजे माझा बा. तो असता तर काय म्हणाला असता?

खरंच काही झालं असतं का? हा किडा डोक्यातून जात नाही. कदाचित बॉयलरनं सोसलं असतं. कदाचित हळद शिजली असती, तोरण सुकलं असतं आणि टोळी पुढच्या शेतात गेली असती. न झालेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणू?

नवी पुस्तिका केली. नाव बदललं. प्रत्येक पानावर मोठी तारीख. पहिल्या पानावर फोटो नाही, नुसत्या ओळी: "यापूर्वीची पुस्तिका फोनमधून पुसून टाका. तिच्यातला फोटो चुकीचा आहे. तसं तोरण बांधलं असेल तर जाळ काढा, बॉयलर थंड झाल्यावर सोडा." ह्यूगो ठेवायचं की कुलदीपचं घ्यायचं, हा प्रश्न कधीच मागं पडला. साचा कुठलाही असता तरी ते तोरण मीच वर बांधायला लावलं असतं.

२५ फेब्रुवारी

वैजनाथभाऊ म्हणाले, "चुकीचा हा शब्द काढा. सुधारित लिहा."

"सुधारित म्हटलं तर जुनं कोण पुसेल?"

"वाक्य काढा, न्हाईतर उद्यापासून येऊ नका."

वाक्य ठेवलं. पुस्तिका सगळीकडं धाडली आणि संगणक बंद करून कारखान्यातून निघाले. द्वारकाबाई फाटकाशी उभ्या होत्या. त्यांनी डब्यात भाकरी घालून दिली. रस्त्यात रडू आलं, रागाचं जास्त.

१ मार्च

आत्ता दुपारी दाराशी ट्रॅक्टर वाजला. संतोष आणि याडी. मी काही म्हणायच्या आत संतोष पायरीवर बसला, पाणी मागितलं, प्यायला, आणि खाली बघतच बोलायला लागला.

"परवा वसमतकडं काम मिळालं. टाकी तेवढीच भरली, लाकडं तेवढीच घातली. तोरण खाली दांडीला. काटा लालाला टेकायच्या आधीच ती शिट्टी अशी कोकलली, बाई, की बैलं दावं तोडून पळाले. मी काटा बघितला. अन् त्या दिवशीचा आठवला." त्यानं तांब्या बाजूला ठेवला. "त्या दिवशी याडी तिथंच बसली होती की गं."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. एरवी ठेवू देत नाही. आज बसून राहिला.

याडी मात्र उंबऱ्यातच उभी. चेहरा उतरलेला. शिट्टी ऐकल्यापासून जेवली नाही म्हणे.

"बाई, माझ्यासारखं अजून किती जनींनी बांधलं असंल गं?"

"माहीत नाही, याडी."

"तुझ्या मशिनीत दिसत न्हाई?"

"नाही दिसत. मीच तसं केलंय."

तिनं माझ्याकडं बघितलं. रागावली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मंग बसली काहून? हळद शिजते तिथं धूर असतोच. धूर दिसंल तिथं जायचं. मी बायांशी बोलते, तोरण मीच बांधलं होतं म्हणून सांगते. माझं ऐकतील."

"आणि शिव्या दिल्या तर?"

"देतील. तू त्या दिवशी खाल्ल्याच की."

संतोष ट्रॅक्टर वळवून राहिला. औंढ्याच्या बाजूनं सुरुवात करायची ठरलंय. याडी वर जाऊन बसलीसुद्धा, हाका मारतेय. जाते.